एक जुलैला जन्मलेली पिढी

(निवृत्त शिक्षकांच्या एका मेळाव्यात दिलेले व्याख्यान)

अध्यक्षमहोदय आणि समवयस्क मित्रहो,

'समवयस्क' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. सभागृहात शिरताना मी सर्वत्र एकवार दृष्टी फिरवली. जिन्याच्या कठड्याचा आधार घेतल्यावाचून एकही जण वर आला नाही. खुर्च्यांपैकी प्रथम भरल्या त्या ध्वनिक्षेपकाजवळच्या. आणि प्रसाधनगृह कोणत्या बाजूला आहे हे स्वयंसेवकाने सांगितले, ते आपण सर्वांनी जितक्या एकाग्रतेने ऐकलेत, तितक्या एकाग्रतेने माझे व्याख्यान ऐकाल अशी आशा मी बाळगीत नाही.

आजच्या विषयाची सूचना मला माझ्या नातवाकडून मिळाली, असे म्हणावे लागेल. काही काळापूर्वी एका वादात तो निरुत्तर झाला, तेव्हा त्याने मला 'बूमर' म्हटले. मी गप्प बसलो. माझ्या माहितीप्रमाणे १९९० च्या दशकात आपल्याकडील मुले जो च्युइंग गम चघळीत असत, त्याचे ते नाव होते. माणूस चघळून झाला आहे, गोडी संपली आहे आणि आता केवळ चिकटपणा उरला आहे, असे त्याला सुचवायचे असावे, असा तर्क मी केला. पुढे कळले की हा शब्द अमेरिकेतला आहे. दुसरे महायुद्ध संपले, सैनिक घरी परतले, लग्ने झाली, नवी घरे उठली आणि १९४६ ते १९६४ या काळात त्या देशात सुमारे साडेसात कोटी मुले जन्मली. त्या मुलांना 'बेबी बूमर' म्हणतात. हा साडेसात कोटींचा आकडा कृपया ध्यानात ठेवावा. मी त्याकडे परत येणार आहे.

नातवाचा हिशेब वर्षांपुरता बरोबर होता. माझा जन्म १९४८ चा. पण अमेरिकेतील ती मुले आणि आम्ही यांच्यांत एक मोठा भेद आहे. ती समृद्धीमुळे जन्मली. आमची गर्दी झाली ती अधिक मुले जन्मली म्हणून नव्हे. मुले पूर्वीही घरोघर सहा-सात जन्मतच होती. फरक एवढाच पडला, की त्यांतली पुष्कळशी आता मरेनाशी झाली.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. एकट्या हिवतापाने दरवर्षी साडेसात कोटी लोक आजारी पडत आणि सुमारे आठ लाख मरत, असा त्या वेळचा अंदाज आहे. तिकडे साडेसात कोटी पाळणे आणि इकडे साडेसात कोटी अंथरुणे! १९५३ मध्ये हिवतापनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खांद्यावर पंप घेतलेली खाकी कपड्यांतील माणसे आमच्या बलिया गावी आली, त्यांनी घराच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी केली आणि दाराशेजारी तारीख लिहून ठेवली. डास मेले की नाही, हे माझ्या अम्माला दिसत नव्हते. पण खाटेतले ढेकूण मेले, हे तिने स्वतः पाहिले, आणि तेवढ्यावरून स्वतंत्र भारताच्या सरकारवर तिचा जो विश्वास बसला तो पुढे कितीतरी निवडणुका टिकला. ढेकूण काही वर्षांनी परत आले. हिवतापही पुढे पुन्हा उसळला. परंतु १९६० च्या दशकाच्या मध्यास रुग्णांची संख्या एक लाखाच्या घरात उतरली होती, आणि मधल्या त्या वर्षांत आम्ही मोठे होऊन गेलो होतो.

माझे घरातले नाव छकौडी. छकौडी म्हणजे सहा कवड्या. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात नवे मूल जन्मताच सुईणीला देऊन टाकीत आणि चार-सहा कवड्या मोजून तिच्याकडून परत विकत घेत. मूल आपले नव्हेच, बाजारातून आणलेले आहे, असे मृत्यूला भासवायची ती युक्ती. आमच्या बाजूला तीनकौडी आणि छकौडी अशा नावांची माणसे गल्लोगल्ली आढळत. आपल्यापैकी काहींच्या गावी दगडू आणि धोंडू असतील. लहानपणी या नावाची मला फार लाज वाटे. शेजारचा मुलगा तीनकौडी होता, त्याच्यापेक्षा माझी किंमत दुप्पट आहे, हे समाधान तेवढे होते.

आता माझ्या जन्मतारखेकडे वळतो. १९५४ च्या जुलै महिन्यात बाबूजींनी मला शाळेत नेले. बाबूजी तारखात्यात तारबाबू होते. हेडमास्तरांनी विचारले, "जन्म केव्हाचा?" बाबूजी म्हणाले, "भाद्रपदातला. गंगा चढली होती. गांधीजी गेले तेव्हा हा आईच्या पोटात होता." हेडमास्तरांनी हे सर्व आदरपूर्वक ऐकून घेतले आणि नोंदवहीत १ जुलै १९४९ असे लिहिले. एक जुलै का, तर शाळा त्या दिवशी उघडत असे. आणि एकोणपन्नास का, तर "तारबाबू, सरकारी नोकरीत मुलाला एक वर्ष जास्त मिळेल." पाच वर्षांच्या मुलाच्या निवृत्तीची इतकी काळजी वाहणारा शिक्षक मला पुन्हा भेटला नाही. माझ्या वर्गात एक्केचाळीस मुले होती. त्यांपैकी सदतीस एक जुलैची. उरलेल्या चौघांचे वडील वकील होते.

ग्वाल्हेरकडील एका मराठी सहकाऱ्याला मी ही हकिकत सांगितली, तेव्हा तो मुळीच चकित झाला नाही. महाराष्ट्रातील त्याच्या सगळ्या मावसभावांचा जन्म एक जूनचा होता, कारण तिकडे शाळा जूनमध्ये उघडत.

या हेडमास्तरांनी आम्हांला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दीडकी हे सर्व पाढे छडीच्या साहाय्याने शिकवले. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, सोळा छटाकांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण. हे सारे मुखोद्गत झाले, आणि १ एप्रिल १९५७ रोजी सरकारने रुपयाचे शंभर नवे पैसे केले. दुसऱ्या वर्षापासून शेर आणि मण यांचीही टप्प्याटप्प्याने गच्छंती होऊ लागली. इतक्या छड्या खाऊन मिळवलेली विद्या इतक्या लवकर निरुपयोगी झाल्याचे उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात विरळा.

तथापि या बदलाने मला अर्थशास्त्राचा पहिला धडा दिला. सरकारी कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे सहा नवे पैसे होत, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे मात्र एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे एकेक आण्याच्या तीन वस्तू एकदम घेतल्या तर एकोणीस पैसे पडत आणि तीन वेळा जाऊन घेतल्या तर अठराच. मी व तीनकौडी रेवड्यांच्या दुकानी तीन फेऱ्या करू लागलो. चौथ्या दिवशी दुकानदाराने आम्हांला एकत्र उभे केले, तिन्ही पुड्या एकदम हातात दिल्या, एकोणीस पैसे घेतले आणि वर एकेक चापट दिली. ती कोष्टकात नव्हती.

पुढे बाबूजींची बदली कानपूरला झाली. तेथे १९६० च्या नोव्हेंबरात कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान देशातील पहिली थेट दूरध्वनी सेवा सुरू झाली. टेलिफोन ऑपरेटरची मध्यस्थी न घेता नुसते आकडे फिरवून दुसऱ्या शहरातील माणसाशी बोलता येऊ लागले. बाबूजी घरी आले ते उल्हसित होऊन. त्यांनी अम्माला हे सर्व समजावून सांगितले. अम्माने शांतपणे विचारले, "लखनौला आपले कोण आहे?"

बाबूजींची बोटे तारेच्या खुंटीवर इतकी वर्षे चालली होती, की रात्री झोपेतही ती खाटेच्या काठावर टकटक करीत. तारेत शुभेच्छांना क्रमांक ठरलेले असत. पूर्ण वाक्य पाठवायचे नाही, क्रमांक पाठवायचा, म्हणजे पलीकडचा तारबाबू ते वाक्य लिहून देई. बाबूजींच्या एका सहकाऱ्याने एकदा एका नवदांपत्याला चुकून भलताच क्रमांक पाठवला आणि वऱ्हाडासमोर वाचली गेली ती निवडणुकीतील विजयाबद्दलच्या अभिनंदनाची तार. बाबूजी म्हणत, मुलीच्या वडिलांनी तक्रार केली नाही. स्थळ मिळवायला त्यांना जे श्रम पडले होते, ते पाहता त्यांना ती तार योग्यच वाटली असावी.

१९६५ साली मी अलाहाबादला वसतिगृहात होतो. धान्याचा तुटवडा होता, युद्ध झाले होते, आणि लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ उपवास करण्याचे देशाला आवाहन केले होते. सोमवारी संध्याकाळी आमची खाणावळ बंद राही. बाहेरची उपाहारगृहेही बंद असत. आम्ही मोठ्या अभिमानाने उपाशी बसत असू. नऊ वाजले की मात्र पेरू हे जेवण आहे की फळ, या प्रश्नावर तात्त्विक चर्चा सुरू होई, आणि अलाहाबादचे पेरू किती उत्तम असतात हे आपण जाणताच. इतर दिवशी ज्या पोळ्या मिळत, त्या बहुधा 'पीएल ४८०' या कायद्याखाली अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या असत. आज मला वाटते, त्या शेतांवर सुट्टीत काम करणारा माझ्याच वयाचा एखादा बूमर असेल, आणि त्याचे-माझे एवढेच काय ते नाते. काही वर्षांतच मेक्सिकोहून आणलेल्या बुटक्या जातींच्या बियाण्याने आपल्या शेतांत क्रांती केली. १९६८ मध्ये गहूक्रांतीचे टपाल तिकीट निघाले, तेव्हा बाबूजींनी त्याचा पूर्ण ताव विकत घेतला, आणि त्यातले एकही तिकीट कधी पत्राला लावले नाही.

मित्रहो, मोठे होणे असे झाले. म्हातारे होणे मात्र फार हळू आणि फार शिष्टाचाराने होते. प्रथम फळ्यावरची आपलीच अक्षरे लहान वाटू लागतात. मग विद्यार्थ्यांचे विद्यार्थी नमस्कार करू लागतात. मग एखाद्या सकाळी उद्यानात ध्यानात येते की, ज्या मित्रांशी आपण पूर्वी नेहरूंच्या परराष्ट्रधोरणावर भांडत होतो, त्यांच्याशी आता आपण जेवणापूर्वीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेच्या आकड्यांवर भांडतो आहोत. आणि आवेश तोच आहे.

१५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवा बंद झाली. त्याच्या आदल्या दिवशी मी तारघरात गेलो. बाबूजी तेव्हा हयात नव्हते. रांगेत बहुतेक माणसे केवळ आठवण म्हणून तार करायला आलेली होती. मी मुलाच्या पत्त्यावर नातवाच्या नावाने शुभाशीर्वादाची तार केली. ती पोचल्यावर त्याच्या आईचा घाबरून फोन आला की, कोण गेले? आमच्या घरातील शेवटच्या तारेनेही परंपरा सोडली नाही.

आणि १ मार्च २०२१ पासून साठीवरच्या लोकांना करोनाची लस मिळू लागली, तेव्हा मीही बाही वर करून बसलो. परिचारिका तरुण होती. माझ्या दंडावरचा मोठा गोल व्रण पाहून तिने विचारले, "काका, हे कसले भाजले?" मी म्हटले, "भाजले नाही, देवीची लस." तिने असा व्रण जवळून पाहिला नव्हता. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. ज्या रोगाने आमच्या घरात अंधार केला होता, त्याचे नाव त्या मुलीने केवळ पाठ्यपुस्तकात वाचले होते. या अज्ञानाइतके सुंदर अज्ञान मी चाळीस वर्षांच्या शिक्षकी पेशात पाहिले नाही.

येथे मला थोडे गंभीर व्हावे लागेल, आणि आपण ते क्षम्य मानाल.

आपल्यापैकी अनेकांप्रमाणे मीही जनगणनेचे काम केले आहे. १९७१ मध्ये केले आणि १९८१ मध्येही केले. वय विचारले की म्हातारी माणसे पन्नास, पंचावन्न किंवा साठ सांगत. एक्कावन्न किंवा अठ्ठावन्न कोणी सांगत नसे. मग आम्ही विचारायचे, "१९३४ च्या भूकंपात तुम्ही केवढे होता?" त्यावर एखादी आजी कमरेएवढ्या उंचीवर हात धरी, आणि त्या हाताच्या उंचीवरून आम्ही वय लिहीत असू.

१९८१ च्या फेब्रुवारीत नमुन्यादाखल निवडलेल्या विभागांत एक जादा पत्रक भरायचे होते. माझा विभाग त्यांत होता. विवाहित आणि विधवा स्त्रियांना दोन प्रश्न विचारायचे होते: आज हयात असलेली मुले किती, आणि आजवर जिवंत जन्मलेली मुले एकूण किती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच येई. दुसऱ्या प्रश्नानंतर बाई थांबत असे. काही जणी दाराच्या आत निघून जात आणि थोड्या वेळाने आकडा घेऊन बाहेर येत. मी भूगोलाचा शिक्षक. नद्यांची खोली मी कितीदा शिकवली होती. पण या दोन आकड्यांमधील खोली मला ठाऊक नव्हती.

त्या रात्री मी अम्माला विचारले, "अम्मा, तुला एकूण मुले किती झाली?"

ती सुपात तांदूळ निवडीत होती. म्हणाली, "चार. हे काय विचारणे झाले?"

"तसे नव्हे. जिवंत जन्मलेली सगळी."

तिने सूप खाली ठेवले आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. म्हणाली, "सात." मग, मी न विचारता, तिने नावे सांगितली. थोरला रामनरेश, अडीच वर्षांचा होऊन देवीने गेला. नंतर फुलमती, तिला रोज संध्याकाळी थंडी वाजून ताप येई. तिसरा मुलगा नऊ दिवसांचा होऊन गेला. त्याचे नाव ती सांगू शकली नाही, कारण नाव बाराव्या दिवशी ठेवायचे होते. चौथा मी, म्हणून सहा कवड्या.

ती तिघेही १९४१ आणि १९५१ या दोन जनगणनांच्या मधल्या काळात आली आणि गेली. दोन्ही वेळी गणक आमच्या दारी आला तेव्हा ती घरात नव्हती. जन्माची नोंद बाबूजींनी कोठे केली नव्हती, आणि मृत्यूचीही नव्हती. आमचे घर माझ्या विभागात येत नव्हते, त्यामुळे अम्माची उत्तरे मला कोणत्याही पत्रकात लिहिता आली नाहीत. मी ती एका कोऱ्या कागदावर लिहिली आणि तो कागद बाबूजींच्या तिकिटांच्या तावात ठेवून दिला.

आपण जाणताच, निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. २०१४ पासून हे अंगठा यंत्रावर टेकवूनही देता येते. एका वर्षी मी अशाच एका कार्यालयात गेलो. उजवा अंगठा टेकवला, यंत्राने नाकारला. डावा नाकारला. खडूने आणि वयाने बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. खिडकीवरचा तरुण संकोचाने म्हणाला, "बाबूजी, यंत्राच्या मते हे तुम्ही नाही." मी म्हटले, "त्याचे सर्वस्वी चूक आहे असे नाही. त्याच्याजवळ जी जन्मतारीख आहे तीही माझी नव्हे." अखेर डाव्या हाताच्या अनामिकेने माझी साक्ष दिली. तरुणाने यादीवर नजर टाकली आणि त्याच्या कपाळावर आठी उमटली. त्या सकाळपासून आलेल्या अकरा जणांपैकी सात जण एक जुलैला जन्मलेले होते. त्याने विचारले, "तुमच्या काळी एकाच दिवशी इतकी मुले जन्मत होती का?"

मी रांगेकडे पाहिले. काठ्या, चष्मे, मफलर, औषधांच्या पिशव्या. मी म्हटले, "हो, आम्ही सारे त्याच दिवशी जन्मलो." त्याने कागद छापून दिला. मी जिवंत असल्याचे त्यावर लिहिले होते. मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि रिक्षात बसल्यावर मला रामनरेशची आठवण झाली. मी जिवंत आहे याचा पुरावा मला दरवर्षी मिळतो. तो कधीकाळी जिवंत होता याचा पुरावा एका कोऱ्या कागदावर, माझ्या हस्ताक्षरात आहे.

२०११ च्या गणनेत साठीवरील लोकांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. आपण त्यांतले आहोत. आपल्या तरुणपणीच्या गमती आपण नातवंडांना सांगतो, आणि ती मुले हातातल्या फोनकडे पाहत सौजन्याने 'हं' म्हणतात. त्याची खंत नसावी. बाबूजींच्या तारयंत्राच्या गोष्टींना मीही तेच म्हणत असे. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी एखादा रामनरेश होऊन गेला आहे. त्याचे नाव ठाऊक असलेली बहुधा आपण शेवटची माणसे आहोत. आपल्या आया ती नावे आता सांगू शकत नाहीत. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे, की आज घरी गेल्यावर, रात्रीची गोळी घेण्यापूर्वी किंवा घेतल्यानंतर, वैद्यांनी सांगितले असेल त्याप्रमाणे, एका कागदावर ती नावे लिहून ठेवावीत आणि नातवंडांपैकी एकाच्या स्वाधीन करावीत. ज्याचे नाव ठेवायचे राहून गेले, त्याच्यासाठी एक ओळ कोरी सोडावी.

माझ्या नातवाला मी तो कागद दाखवला. त्याने आपल्या फोनवर त्याचे छायाचित्र घेतले आणि विचारले, "दादाजी, ही तिघे असती तर तुम्ही छकौडी झाला नसता?" मी म्हटले, नसतो झालो. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग तुमचे नाव काय असते?"

याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. चहा बाहेर मांडला आहे, आणि बिनसाखरेचा डावीकडे आहे असे मला सांगण्यात आले आहे.